मेदेरबेक मागे वळून पाहतो

नारिन या डोंगरी शहरात संगणक दुरुस्त करणारा मेदेरबेक कोणाच्याही घरी गेला, की यंत्राला हात लावण्याआधी मागे वळून सगळ्या खोलीवर एकदा नजर फिरवतो. ही खोड साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

"काय बाइके, बायको मागोमाग आली का बघतोस?" असे कुणीतरी विचारतेच; बाइके म्हणजे तिकडे दादा.

"आली असेल तर तिलाही चहा ओता," असे म्हणून तो शेगडीच्या लोखंडाला बोटे टेकवतो आणि मगच कामाला बसतो. मागे का पाहतो, हे त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही.

तरुणपणी तो रेडिओ दुरुस्त करी, पुढे टीव्ही. लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी टाकून देऊ लागले, तसा तो संगणकांकडे वळला. यंत्र रुसते, यंत्राला नजर लागते, असल्या बोलण्याची त्याला चीड होती. बिघाड म्हणजे आपण अजून न पाहिलेली गोष्ट, एवढीच त्याची व्याख्या. ती व्याख्या उपोल आपांच्या घरीही खोटी ठरली नाही, हेच त्याला अधिक अस्वस्थ करते.

उपोल आपांचा मुलगा कुबात ट्रक चालवी; तिकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईलाही आपाच म्हणतात. एका हिवाळ्यात दोलोन खिंडीत बर्फाचा कडा त्याच्या ट्रकवर कोसळला आणि तो गेला. चाळिसावा दिवस जवळ आला, तेव्हा सून बेगायम मेदेरबेकच्या दुकानात आली. काळ्या रुमालाखाली तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाइके, त्यांची एक हार्ड डिस्क आहे. गाडी चालवताना ते मोबाइलवर स्वतःशी बोलत बसायचे, घरी आले की त्यात उतरवून ठेवायचे. संगणकाला लावली की दिसते, आणि त्यांचा आवाज सुरू झाला रे झाला, की नाहीशी होते. दरवेळी. त्यांच्या पहिल्या शब्दाला."

"पोर्ट सैल झालं असेल. डिस्क इकडे घेऊन ये."

"कसं आणू? चाळिसावा व्हायचाय."

मेदेरबेक वरमला. चाळिसाव्याला वाटप होईपर्यंत गेलेल्या माणसाची वस्तू त्या घराचा उंबरा ओलांडत नाही, हे त्याला सांगावे लागावे, याचीच त्याला लाज वाटली.

तो घरी गेला. संगणकाचा पत्र्याचा डबा जमिनीवर, जाड नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या सतरंजीवर ठेवलेला होता. भिंतीकडे तोंड करून उपोल आपा बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्या शोकगीत गात नव्हत्या, रडतही नव्हत्या. शोकात बसलेल्या बाईकडे परक्या पुरुषाने पाहू नये, म्हणून मेदेरबेक त्यांच्याकडे पाठ करून बसला.

डिस्क कानाशी धरताच त्याचा चेहरा बदलला. आत बारीक टकटक होती.

"आपा," तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, "अशी अचानक तुटत राहिली, तर ही मरेल. मी आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतो, मग निवांत ऐका."

"आधी मला ऐकव." त्या घरात आपांचा आवाज फुटला तो असा, कोरडा. "पुसून टाकाल तुम्ही लोक. टेपवरचं माझ्या सासऱ्यांचं बोलणं असंच उतरवायला नेलं होतं. परत काय आणलं? लग्नाची गाणी!"

"ते मी नव्हतो, आपा."

"तुझ्यासारखाच होता कुणीतरी. आधी ऐकव. शब्द दे."

त्याने शब्द दिला. मेलेल्याच्या घरात दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

त्याने डिस्क पुढच्या पोर्टला लावली. गाडीची घरघर ऐकू आली, कुणीतरी श्वास घेतला, आणि "आपा..." एवढे उमटताच डब्यात 'टक्' झाले. पडदा म्हणाला, डिस्क नाही.

पुढच्या पोर्टांची तार आतून सैल असते, म्हणून त्याने मागची पोर्टे वापरून पाहिली. केबल बदलली. वीज वाचवण्यासाठी संगणक पोर्टांना झोपवतो, ती सोय बंद केली. वीजपुरवठ्याचा डबा नवा घातला. गुरुवार होता, गेलेल्यांपर्यंत वास पोहोचावा म्हणून बेगायम तेलात बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळत होती. तो तेलकट धूर पोर्टांत बसला असेल, असे समजून त्याने एकूण एक पोर्ट स्पिरिटने पुसले. दरवेळी घरघर, श्वास, "आपा...", आणि टक्.

हट्टाने त्याने दुकानातला स्वतःचा संगणक आणून त्याच जागी मांडला. या यंत्रात खोट नव्हती, हे तो कुराणावर हात ठेवून सांगू शकला असता. घरघर. श्वास. "आपा..."

टक्.

बेगायमच्या हातातला झारा खाली पडला. "बाइके, त्यांना बोलायचंच नसेल तर? राहू दे ना."

"मेलेली माणसं पोर्ट बंद करत नाहीत," तो खेकसला. पण आपला आवाज चढलेला त्याला स्वतःलाच आवडला नाही. डिस्कची टकटक आता हातभर अंतरावरूनही ऐकू येत होती. फार तर एकदा, दोनदा. मग कुबातचा आवाज कुणालाच ऐकू येणार नव्हता.

विचार करायला म्हणून त्याने पडदा मालवला. खिडकीतून बर्फावरचा पांढरा उजेड आत येत होता आणि काळ्या काचेत मागची खोली उमटली होती: शेगडी, रचून ठेवलेल्या रजया, भिंतीशी बसलेली पांढऱ्या रुमालातली आकृती. पडदा मालवलेलाच ठेवून त्याने अंदाजाने कळ दाबली. घरघर सुरू झाली. काचेतली ती आकृती उठली. तिच्या पावलांचा आवाज नव्हता; नमद्यावरून लोकरी मोजे घासत ती थेट त्याच्या पाठीशी आली, वाकली, आणि त्याच्या खांद्याजवळून एक सुरकुतलेला हात डब्याकडे सरकला. "आपा..." असा शब्द उमटला, तेव्हा बोट आणि पत्रा यांच्यामध्ये निळी ठिणगी उडाली.

टक्.

मेदेरबेकच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण भीती ओसरायच्या आतच त्याला सारे कळले होते. कोरडी थंडी, नमदा, लोकरीचे मोजे, लोकरीचा अंगरखा: त्या चार पावलांत म्हातारीच्या अंगात वीज भरत होती आणि पत्र्याला बोट लागताच उतरत होती. त्या झटक्याने पोर्ट बंद पडत होते. इतका वेळ पडद्याला डोळे लावून त्याने सारे काही पाहिले होते. केवळ रीत म्हणून मागे तेवढे पाहिले नव्हते.

तो वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने शोकातल्या बाईच्या तोंडाकडे पाहिले.

"आपा, तुम्ही डब्याला हात लावता."

"लावणारच. तो बोलतो ना आतून."

"बोटाला काही चावल्यासारखं होत नाही?"

उपोल आपांनी बोट मुठीत लपवले. "तो आहे तो," त्या हळूच म्हणाल्या. "दात येत होते तेव्हा असाच चावायचा. याच बोटाला."

बेगायमने तोंडावर रुमाल धरला. मेदेरबेकला नमद्यातली वीज समजावून सांगता आली असती. त्याने सांगितली नाही. तो एवढेच म्हणाला, "आपा, दोन्ही मिळणार नाही. तो चावेल, नाहीतर बोलेल. काय पाहिजे ते तुम्ही सांगा."

म्हातारीने मूठ उघडून बोटाकडे पाहिले. तळणीतले तेल थंड होऊन गोठू लागले.

"बोलू दे," शेवटी ती म्हणाली.

मेदेरबेकने तिला डब्याशेजारी बसवले. आधी शेगडीच्या लोखंडाला आणि मग पत्र्याला तिचा हात टेकवला. "आता हा उचलायचा नाही. तुम्ही आणि डबा एक. मग ठिणगी पडणार नाही." त्याने डिस्क लावली. आत टकटक झाली, थांबली, पुन्हा झाली. घरघर. श्वास.

"आपा..." आवाज तुटला नाही. "आपा, ऐकतेस का? खिंडीत बर्फ लागलाय. गाडी चढत नाही."

म्हातारीने पत्र्यावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"आपा, डब्यावरचा हात काढ बघू. तुझ्या हातानं नेहमी बंद पडतं."

बेगायम डब्यापासून मागे सरकली. मेदेरबेकचे डोके सवयीने कामाला लागले. घरी हे पूर्वीही घडले असणार. कुबातला कारण ठाऊक असणार. आई आपले बोलणे अशाच डब्यावर ऐकणार आणि हात लावणार, हे मुलाला गाडीत बसूनही कळले असणार. यात न समजण्यासारखे काही नव्हते.

आवाज थांबला होता. नुसती गाडीची घरघर चालू होती.

उपोल आपांनी मेदेरबेककडे पाहिले. मग मुलाकडे पाहावे तसे डब्याकडे पाहिले, आणि सावकाश, एकेक बोट सोडवत, पत्र्यावरून हात उचलून मांडीवर ठेवला.

"हं," कुबात म्हणाला. "आता ऐक."

तो पुष्कळ वेळ बोलला. डिस्क तुटली नाही. आपा रडल्या, मग भिंतीकडे वळून मोठ्याने गाऊ लागल्या, आणि ते गाणे चालू असतानाच मेदेरबेकने दिलेला शब्द पाळून सारे दुसरीकडे उतरवून घेतले. त्याच संध्याकाळी डिस्क कायमची गप्प झाली.

उतरवलेला आवाज त्याने पुढे एकदाच तपासला, सगळे नीट उतरले आहे याची खात्री करायला. "हात काढ" म्हटल्यानंतर तिथेही गाडीची घरघर होती आणि मग "हं" होते. पण मधली घरघर इतकी थोडी होती, की तेवढ्यात म्हातारीला एक बोटही उचलता आले नसते. त्याने ती पुन्हा ऐकली नाही. यंत्र बंद केले, आणि मागे वळून पाहिले.