जायफळांचा डबा

"हरिकेनच्या दिवसांत कॅरिबियनला शिडाच्या होडीतून? वेडा आहेस का तू?" घरमालकीण आजी नवऱ्यावर चिडल्या होत्या. "अगं, वादळं बहुतेक उत्तरेकडून जातात, आम्ही ग्रेनाडा बेटाच्या दक्षिणेला थांबू," आजोबा बॅग बांधत हसले. जर्मनीत, कार्ल्सरूहे शहरात, माझी रोज चौकशी करणारे तेवढेच होते. ते परत येतील ना, या धास्तीने मी बेसनलाडूंचा स्टीलचा डबा घेऊन जिन्यात उभी होते. आज त्या डब्यात त्यांनी तिथून आणलेली जायफळं आहेत. झाकण उघडलं की तो जिना आठवतो. शेवटी डबा त्यांच्या हातात कोंबत मी तोडक्या जर्मनमध्ये म्हणाले होते, "आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आणि हा तुम्ही स्वतः आणून द्यायचा."