लेकीले कळलं काय?

प्रल्हादभाऊ गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही, दाखवलं. मी भाकरी टाकत होते. फोन वाजला म्हणून पिठाच्या हातानेच उघडला, तर त्यात भाऊंचा फोटो, भोवती झुलणाऱ्या झेंडूच्या माळा, खाली आमच्या पेपरचं बोधचिन्ह आणि मागे कुठलीशी रडकी बासरी. सगळ्यांत वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्वात आधी आमच्याकडे’. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर ही पाटी! मला शिसारी आली. भाकरी करपली तरी मी तशीच उभी. काही आठवडे उलटले, पण अजून कुठे बासरी ऐकली की तोंड कडू होतं.

निवृत्त होईपर्यंत मी बुलडाण्याच्या कार्यालयात उपसंपादक होते आणि भाऊ अमडापूरचे वार्ताहर. त्यांच्या बातम्या आधी एसटीच्या पाकिटातून यायच्या, मग फॅक्सवर, मग मोबाइलवर. बाकी बातम्यांत ते कोणाला हार जायचे नाहीत, पण निधनवार्ता म्हटली की त्यांचा पाय जड व्हायचा. इतर वार्ताहर चहाच्या टपरीवर ऐकून चार ओळी पाठवून मोकळे होत. भाऊ त्या घरी जाणार, चपला बाहेर काढणार, पाणी पिणार, थोडं बसणार आणि उठताना एखाद्या जाणत्याला हळूच विचारणार, “लेकीले कळलं काय?” सासरी असलेली लेक यायची असेल तर बातमी त्यांच्या खिशातच राहायची. लेकीनं बापाचं मरण पेपरात वाचू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा एका मोठ्या शेतकऱ्याच्या निधनाची बातमी सगळ्या पेपरांत आली, आमच्याच नाही. तेव्हाचे संपादक फोनवर असे तापले की शेजारच्या दुकानापर्यंत आवाज गेला. भाऊ शांतपणे म्हणाले, “साहेब, लेक अजून गाडीत हाय. मेलेला मानूस कुठी पळून जाऊन राह्यला काय?” संपादकांनी रिसीव्हर ठेवला आणि हसत सुटले. बातमी दुसऱ्या दिवशी लागली. कोणी पेपर बंद केला नाही.

मग आमच्या कार्यालयाची न्यूजरूम झाली. मधली भिंत पाडली, प्रुफांचं टेबल भंगारात गेलं आणि भिंतीवर हा मोठा पडदा लागला. कोणती बातमी या क्षणी किती जण बघतात, ते त्यावर सारखं हलत असतं. त्याच्यासमोर नवे, तिशीतले प्रमुख मान वर करून बसलेले. आकडा चढला की खूश, उतरला की कोणाच्या तरी नावाने शंख. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला भाऊच आमच्यात जास्त हुरळले होते. पेपरचं चिन्ह लावलेला माइक मिळाला तर त्यांनी देऊळघाटकडच्या एका खचलेल्या पुलाचा व्हिडिओ केला आणि पुलाचं काम खरंच सुरू झालं. तो व्हिडिओ त्यांनी मला इतक्यांदा दाखवला की शेवटी मी हात जोडले. तेव्हा त्यांना यंत्राचा राग होता, असं कोणी म्हणू नये...

पुढे चिखली रस्त्यावर जीप उलटली आणि भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरातला तरुण मुलगा जागीच गेला. भाऊ तिथे पहिले पोचले. प्रमुखांचा हुकूम आला, आत्ताच्या आत्ता लाइव्ह करा, नाव सांगा, चेहरा दाखवा आणि मग घरी जाऊन आईची प्रतिक्रिया घ्या. भाऊंनी माइक खाली केला. “आधी त्याच्या मायले कळू द्या,” एवढं बोलून फोन ठेवला आणि मुलाच्या काकाला गाडीवर बसवून निघाले. इकडे प्रमुखांनी एका बघ्याकडून व्हिडिओ मिळवला, मुलाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला आणि दिला सोडून. भाऊ त्या घराच्या वळणावर पोचले तेव्हा आतून आईचा हंबरडा ऐकू आला. शेजारणीच्या फोनवर आमचा पेपर आधीच पोचला होता. पुढे भाऊंना वार्ताहरांच्या ग्रुपवरून काढलं. माइक परत द्यायला ते कार्यालयात आले, तर प्रमुखांनी पडद्यावरची नजर काढली नाही. जिन्यात मला म्हणाले, “ताई, तो पोरगा वाईट नाही. त्याले थांबाले कोनं शिकवलंच नाही.” मला तो वाईटच वाटला होता, आजही वाटतो.

आणि मग भाऊंच्याच छातीत दुखायला लागलं. बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. त्यांची एकुलती लेक ज्योती जळगाव जामोदला दिलेली. भाऊंच्या पत्नी कमलवहिनींनी तिला एवढंच सांगितलं होतं, बाबाले बरं नाही, निघून ये. खरं काय ते हात धरून सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. ज्योती एसटीत बसली. शेजारच्या बाईने तिला मूठभर शेंगा दिल्या. नांदुऱ्याच्या अलीकडे फोन वाजला आणि तिने तो उघडला... माळा, बासरी, लाल अक्षरं. बुलडाणा येईस्तोवर तिच्या मुठीत त्या शेंगा तशाच होत्या, असं तिनेच मला सांगितलं. मी प्रमुखांना फोन करून वाट्टेल ते बोलले. त्यांचं उत्तर होतं, “मॅडम, आपण सगळ्यांच्या आधी होतो. रिस्पॉन्स खूप छान आलाय.” थू! हा शब्द या पुरवणीच्या संपादकांनी कापू नये, अशी विनंती आहे.

त्यांनी माझ्याकडेही भाऊंच्या आठवणींचा छोटासा व्हिडिओ मागितला. मी दिला नाही. हे लिहिलं आणि दुसऱ्या पेपरच्या या पुरवणीकडे पाठवण्याआधी अमडापूरला गेले. चपला बाहेर काढल्या. वहिनींनी पाणी दिलं, ते प्यायले. ज्योती माहेरीच होती. तिला सगळं वाचून दाखवलं. वाचताना एसटीतल्या प्रसंगापाशी आले तेव्हा कागद खाली ठेवला. म्हटलं, बाई, हे नको असेल तर काढून टाकते. ती बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. मग म्हणाली, “राहू द्या, मावशी. आता मले माहीत हाय. आता द्या.”

अमडापूरचे वार्ताहर प्रल्हादभाऊ गेले. ही बातमी मी आज देते आहे.