नकार पोचवायला गेलेले मेहुणे

आमचे मेहुणे कुणाच्याही दारावर टकटक करतात, पण दार उघडावं म्हणून नव्हे. दार काय म्हणतंय ते ऐकायचं असतं. लग्नाआधी मुलगी बघायला आले, तेव्हा बहिणीकडे एकदा पाहिलं आणि टेबलावर तीनदा ठोकलं. "टेबल उत्तम आहे," म्हणाले. बहिणीने तरीही होकार दिला. आमच्या घराण्यात धाडसी माणसं होऊन गेली, असं मी उगाच नाही म्हणत.

मेहुणे गिटारी बनवायचे. "बनवायचे" म्हणजे शेवटची बनवली ती कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला पाठीत फाटली. आवाज एवढा खणखणीत आला की लोकांना तो तालाचाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मेहुण्यांच्या जिव्हारी लागल्या. घाईत ओलं लाकूड वापरलं होतं, हे त्यांना एकट्याला ठाऊक होतं. तेव्हापासून फक्त दुरुस्ती. तारा बदल, खुंट्या घट्ट कर.

आणि मग त्या संगीत शिकवणाऱ्या बाई आल्या. खांद्याचं ऑपरेशन झालेलं. नेहमीच्या गिटारच्या पोटावरून हात पलीकडे जाईना.

"पोट बारीक, पण आवाज भरदार, अशी बनवून द्याल?"

"लहान मुलांची मिळते की दुकानात."

"आणली होती. बिस्किटाचा डबा बोलतो. तुम्ही नाही म्हणालात, तर वाजवणं सोडीन म्हणते."

मेहुण्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं आणि जेवण सोडलं. गिटारच्या वरच्या बाजूला लागते ती फळी त्यांच्याकडे होती. कित्येक वर्षं पलंगाखाली चादरीत गुंडाळलेली. बहिणीला तिथे केर काढायचीही बंदी.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"गिटारच्या पाठीला वाळून मुरलेलं लाकूड नाही."

"दादा, याच्या पाठीला लाकूड नाही, कणा नाही," बहीण आतून म्हणाली. "जा बाबा, त्या बाईंना एकदाचं नाही म्हणून ये. निदान जेवशील तरी."

मेहुणे निघाले. सोबतीला मी. वाटभर पाठ केलं, "क्षमा करा, जमणार नाही." बाईंच्या दारात पोचले, टकटक केली आणि थबकले. पुन्हा टकटक. जरा खाली. मग कान लावून, बिजागरीजवळ.

"आले, आले!" आतून बाई.

"थांबा, उघडू नका!" मेहुणे ओरडले.

बाईंनी घाबरून उघडलंच. मेहुणे कान लावलेल्या अवस्थेतच आत गेले.

"दार कशाचं आहे हो?"

"अक्रोडाचं. आजोबांच्या वेळचं. याच्याच जोडीची, स्वयंपाकघराच्या दाराची फळी फ्रिज आत येईना म्हणून काढली, ती मागे उभी आहे. तुमचं काय ठरलं?"

मेहुणे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं असावं, कारण ओठ हलले. मग ते मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत राहिली. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आणि त्यांच्या दुखऱ्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती.

मेहुणे बाहेर आले. "हे लाकूड पुरतं मुरलंय, आता वाकायचं-आकसायचं नाही," ते म्हणाले. "फाटलं, तर माझ्या हाताने फाटेल." मग बाईंकडे वळले. "पोट किती बारीक हवं?"

अर्ध्या रस्त्यात फळीखाली माझा खांदा गेला. मेहुणे मात्र मध्येमध्ये थांबून ठोकत होते. बहीण दारातच उभी होती.

"नाही म्हणून आलास ना?"

"हो."

"नकार बराच जड दिसतोय."

"एका बाजूने धर," मेहुणे म्हणाले, "आणि पलंगाखालची चादर काढ."

बहिणीने आधी ताट वाढलं. ते जेवेपर्यंत तिने स्वतःच पलंगाखाली पहिल्यांदा केर काढला.