बेसवाल्याची नजर

मे महिन्यात अकोल्याच्या एका मैदानावर संध्याकाळी ऑर्केस्ट्रा होता. मी बातमीसाठी गेलो होतो. बेस गिटार वाजवणारा साठीचा माणूस सतत कीबोर्डवाल्याच्या बोटांकडे पाहत होता. मध्यंतरात कारण दोनदा विचारावं लागलं.

"कानाले ऐकू नाही येत आता. त्याचे बोटं पाहून वाजवतो. पेपरात टाकू नका भाऊ, मंग कोनी बोलावनार नाही."

उत्तरार्धात गायिकेचा घसा बसला. कीबोर्डवाल्यानं बटण दाबून पट्टी उतरवली. कीबोर्ड आपोआप खालच्या सुरात वाजू लागला, त्याची बोटं मात्र होती तिथंच चालत राहिली. बेस जुन्याच पट्टीत वाजत राहिला. गायिका वळली.

"काका, काय वाजवून राहिले?"

त्याला तिचे ओठ दिसले. त्यानं गिटारचा आवाज पूर्ण बंद केला आणि शेवटपर्यंत तारांवर बोटं चालवत राहिला. नंतर एकही चूक झाली नाही.