सगळं दोन-दोन द्या

परवा आमच्या भिशीत लॉकडाऊनचा विषय निघाला आणि एक मैत्रीण मला म्हणाली, "तुझी तर तेव्हा चांदीच झाली असेल गं. सगळं जग बंद आणि तुझं मेडिकल चालू." हातातली भेळेची बशी मी खाली ठेवली. चांदी म्हणे! मग तिला एक किस्सा सांगितला, त्याच्या मागनं दुसरा आला, दुसऱ्याच्या मागनं तिसरा. भेळेचा चिखल झाला तरी मी बोलतच होते.

काउंटरवर बसणाऱ्याचं असंच होतं. गिऱ्हाईक काय वाट्टेल ते बोलतं, आपल्याला उलट बोलता येत नाही, मग ते आत साठत राहतं. माझं त्या दोन-तीन महिन्यांचंच एवढं साठलंय की राग अजून उतरलेला नाही. म्हणून तुम्हालाही ऐकवते.

दुकान कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, मामंजींच्या वेळेपासूनचं. मामंजी म्हणजे माझे सासरे. लॉकडाऊन लागल्यावर वयामुळं त्यांना घरी बसवलं, तर दुकानामागच्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागले आणि तिथनं ओरडून सूचना द्यायला लागले. त्याला इलाज नव्हता.

* * *

पहिल्याच सकाळी रांग कोपऱ्यापर्यंत. पहिला नंबर होता त्याच्या हातात गव्हाचं रिकामं पोतं.

"काय देऊ?"

"सगळं दोन-दोन द्या."

"सगळं म्हणजे? कसल्या गोळ्या?"

"आता ते तुमी सांगायचं की. आजार कुठला त्ये अजून ठरल्यालं न्हाय."

मला वाटलं मागचे लोक हसतील. मागचा माणूस हसला नाही. तो म्हणाला, "मलाबी तसंच."

* * *

दुसऱ्या दिवशी आमच्याच कॉलनीतल्या एक बाई आल्या. चांगल्या शिकलेल्या, बँकेत नोकरी. खोकल्याच्या औषधाच्या बारा बाटल्या मागितल्या.

मी विचारलं, "कुणाला खोकला आहे घरात?"

"नाही हो, कुणालाच नाही. पण उद्या आला तर?"

"तर या की. आमचं दुकान रोज उघडं आहे."

"ते खरं," त्या म्हणाल्या, "पण तुमची काय गॅरंटी? एवढी माणसं रोज अंगावर घेताय. तुम्हालाच झालं म्हणजे?"

अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या बरं का. आणि बाटल्या पिशवीत भरून, "जपा हं" असं म्हणून गेल्या. आतनं मामंजी ओरडले, "काय म्हणत होत्या गं?" मी म्हटलं, "मी गेल्यावर खोकायची सोय करून गेल्या."

* * *

खाण्याच्या बाबतीत तर विचारू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक वहिनी आहेत. माहेर शाहूवाडीकडचं, भाताचं. संचारबंदी लागायच्या आदल्या दिवशी भावानं टेम्पोतनं सहा पोती तांदूळ आणून टाकला. घरात माणसं तीन. पोती ठेवायला जागा नाही, म्हणून दोन पोती बाथरूममध्ये. आंघोळ करताना त्यांच्यावर ताडपत्री टाकायचे.

त्यांच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं काम बंद झालं होतं. मावशी एकदा जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "वैनी, दोन शेर तांदूळ द्या, काम सुरू झालं की फेडते." वहिनी म्हणाल्या, "अगं, आमचंच कुठवर पुरतंय कुणास ठाऊक." मी माझ्या दारात उभी होते, स्वतःच्या कानांनी ऐकलं. तांदूळ मग मी दिला. दिला म्हणून मोठेपणा सांगत नाही, पण सहा पोती डोक्यावर असलेल्या बिल्डिंगीत तो माझ्या डब्यातनं जावा, याची चीड आली.

पाऊस सुरू झाल्यावर वहिनी दुकानात आल्या. धान्यात घालायच्या पारद टिकड्या हव्या होत्या. तांदळात किडे झाले होते. "एवढे झालेत हो, की पोतं उघडलं की तांदूळ चालतोय."

मी म्हटलं, "संपल्या."

संपल्या नव्हत्या, ड्रॉवरभर होत्या. सरळ खोटं बोलले, आणि त्याचं मला आजपर्यंत वाईट वाटलेलं नाही.

* * *

माझ्या मावससासूबाईंचा किस्सा त्यातल्या त्यात सोसवणारा आहे. त्या कबनूरला असतात. एप्रिल म्हणजे आमच्याकडं वर्षाची चटणी करायचे दिवस. मिरची आणून ठेवलेली, कांदा-लसूण तयार, आणि मिरची कुटायचा डंका बंद. त्यांनी मला फोन केला. मला वाटलं औषध हवं असेल.

"तुला पास हाय न्हवं? पोलिसास्नी ओळखतीस न्हवं?"

"हो, का हो?"

"मग सांग की त्यास्नी. देवळं बंद केलासा, आमी काय बोललो न्हाय. डंका कशापायी बंद केलासा?"

* * *

आता मुद्द्यावर येते. मलेरियाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. ती घेतली की कोरोना होत नाही, असं टीव्हीवर कुणीतरी म्हणालं. नंतर ते काही खरं ठरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कोल्हापूर ती गोळी मागायला लागलं.

ही गोळी काही जणांना संधिवातासाठी रोज लागते. आमच्या दुकानाला लागून दत्तू टेलरचं दुकान आहे. दत्तूभाऊ मशीनवर, आणि हुक, काज, फॉल असलं सगळं हातशिलाईचं काम त्यांच्या बायकोचं, शोभाताईंचं. शोभाताईंना बोटांच्या सांध्यांचा आजार. सहा वर्षं ही गोळी रोज घेऊन त्यांची बोटं जाग्यावर राहिली होती. गोळी बंद पडली तर सूज येणार, बोटं वाकडी होणार, आणि एकदा वाकडी झाली की ती सरळ होत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना हे माझ्यासमोरच सांगितलं होतं.

माझ्याकडं बावीस स्ट्रिपा होत्या. त्या दिवशी दुपारपर्यंत संपल्या. मीच विकल्या. शोभाताईंकडं अजून पंधरा दिवसांच्या गोळ्या आहेत, तोवर नवा माल येईल, असा हिशेब मनाशी केला. एकीकडं रांग ओरडतेय, दुसरीकडं पांढऱ्या गाडीतनं उतरलेला माणूस "साहेबांना हव्यात" म्हणून काउंटरवर हात आपटतोय. त्याला एकट्याला दहा दिल्या. माझ्या रागाच्या यादीत माझंही नाव आहे, ते मी कधी खोडत नाही.

एकजण तर चिठ्ठी घेऊन आला. मला बरं वाटलं, निदान चिठ्ठी तरी आहे. बघते तर दातांच्या डॉक्टरची. आणि पेशंटच्या नावाच्या जागी लिहिलेलं, "घरातील सर्व".

* * *

पंधरा दिवस झाले, माल काही आला नाही. दत्तूभाऊ रिकामी स्ट्रिप घेऊन काउंटरशी उभे राहिले. मी होलसेलवाल्यांना फोन लावले, सांगली झाली, निपाणी झाली, सगळीकडं एकच उत्तर. मग बिलांवरचे मोबाईल नंबर काढले आणि ज्यांना विकल्या त्यांनाच एकेक फोन करायला लागले. एका बाईची बोटं वाकडी होतील, तुम्हाला लागत नाहीत, चार गोळ्या तरी परत द्या.

पहिला म्हणाला, "हायत की. पर देवापुढं ठेवल्यात. रोज हळदकुंकू वाहतोय त्यास्नी, आता उचलायच्या कशा?"

दुसरे रिटायर्ड गृहस्थ. त्यांनी मला थांबवलं, चष्मा आणला, स्ट्रिप वाचली. "ह्याच्यावर एक्सपायरी दोन वर्षांनंतरची हाय. तवा या, देऊन टाकतो."

पांढऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. "गोळ्या तर साहेबांनी वाटल्या, ताई. पर तुमच्याकडं कुणी आजारी बाई हाय म्हणताय न्हवं? गरीब हाय का? साहेब येतील की भेटायला. फोटोग्राफर घेऊन येतो."

मी फोन आपटला. आतनं मामंजी म्हणाले, "फोन आपटू नकोस, नवा घ्यायला दुकानं बंद आहेत."

त्या दिवसांत सगळ्या पेठेचे मास्क दत्तूभाऊ शिवत होते. काम एवढं आलेलं की दोन माणसांना पुरलं नसतं, आणि शोभाताईंना सुई धरवत नव्हती. तीन आठवड्यांत बोटं सुजून आली होती. भाकरीसुद्धा दत्तूभाऊच थापायचे. ज्यांच्या देव्हाऱ्यात गोळ्या होत्या, त्यांचेही मास्क हेच शिवून देत होते. मी चिडून म्हटलं, "भाऊ, त्यांना सांगा, आधी गोळ्या, मग मास्क."

"न्हाय वैनी," ते म्हणाले, "तोंड उघडं ठिवून कसं चालंल त्यास्नी?"

मला त्यांचाही राग आला.

* * *

माल आला, पण दीड महिन्यानं. तोवर शोभाताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच. आज त्या दुकानात बसतात, कापड मोजतात, गिऱ्हाईकांशी बोलतात. हुक-काज बाहेरून करून आणतात. शोभाताई कुणाला काही बोलत नाहीत, म्हणून मी बोलते.

पण त्या दीड महिन्यातला एक किस्सा राहिला.

दत्तूभाऊंना कुणीतरी बातमी दिली की नदीकडं एक म्हसरंवाला आहे, त्यानं इचलकरंजीच्या मेव्हण्याकडनं त्या गोळ्यांचा डबाच्या डबा आणलाय. मला पास होता. मी गाडी काढली, दत्तूभाऊंना मागं बसवलं, आणि सकाळी सकाळी तिथं गेलो. माणूस भला होता. खाट टाकली, लांब बसा म्हणाला, पाणी दिलं.

मी विचारलं, "तुमच्याकडं गोळ्या आहेत म्हणे."

"हायत की. म्हंजे हुत्या."

"म्हणजे? संपवल्या? एवढ्या? कुणी खाल्ल्या?"

तो उठला आणि आम्हाला गोठ्यात घेऊन गेला. आठ म्हशी, एकीपेक्षा एक तुकतुकीत. त्यांच्याकडं हात करून अभिमानानं म्हणाला, "ह्यास्नी. रोज सकाळी पेंडीतनं दोन-दोन. काल डबा सरला."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, "अहो, म्हशींना कोरोना होतोय का? माणसं तडफडतायत त्या गोळीसाठी, आणि तुम्ही म्हशींना चारताय?"

तो जराही चिडला नाही.

"म्हशीला कशाला हुतोय कोरोना? म्हशीला दिली की दुधात उतरती. आमच्या घरात बारा माणसं, वर सगळी गल्ली माझ्याकडनं दूध नेती. मी एकट्यानं खाऊन काय करू? आसं सगळ्यास्नी पोचलं की."

"असं कुठं असतंय का?"

"का नसतंय? अंगावर पिणाऱ्या पोराला ताप आला, तर तुमचं डॉक्टर आईला औषध देतात का न्हाय?"

मी एवढी डी.फार्म. झालेली, वीस वर्षं औषधं विकलेली. आणि तिथं म्हशींची शेपटं मोजत उभी राहिले. त्याच्या घरात एक गोळी लपवलेली नव्हती, स्वतःच्या तोंडात एक गेलेली नव्हती, आणि शोभाताईंसाठीही एक उरलेली नव्हती. इतके दिवस ज्यांच्यावर चिडले ते सगळे एका बाजूला, आणि हा एका बाजूला. ह्याच्यावर चिडायचं कसं तेच मला कळेना.

त्यानं दत्तूभाऊंना विचारलं, "कुणाला बरं न्हाय, पावणं?"

दत्तूभाऊंनी सांगितलं. बोटं, सुई, भाकरी, सगळं सांगितलं. मला कधी एवढं सांगितलं नव्हतं. त्या माणसाचे डोळे भरून आले. तो आत गेला, किटली धुऊन आणली, म्हशीखाली बसून समोर धार काढली आणि फेस आलेली किटली दत्तूभाऊंच्या पुढं केली. "ह्ये न्या. पैसं नकोत. काल सकाळपतूर गोळी गेलीया म्हशीच्या पोटात, अजून उतरत आसंल."

मी दत्तूभाऊंकडं बघितलं. म्हटलं, आता हे हसतील, नाहीतर मुकाट्यानं मागं फिरतील.

त्यांनी दोन्ही हातांनी किटली घेतली. गाडीवर बसताना ती सांडू नये म्हणून पोटाशी धरली. आणि मी किल्ली फिरवणार एवढ्यात मागनं हळूच विचारलं, "वैनी, ह्यातलं किती द्यायचं तिला? आनि जेवणाआधी का जेवल्यावर?"