मस्टर्ड आणि सातवं अंडं

वेंडेल ग्रीरने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एवढ्या काळात एकाही वळणावर घाई केली नाही. निवृत्त झाल्यावर त्याने अजगर पाळायला घेतले, तेही त्याच चालीने. बाकीच्या पाळणाऱ्यांना दर वर्षी नवा रंग, नवी नक्षी हवी असे. वेंडेलला एकच हवं होतं: स्वतःच्या घरात, स्वतःच्या मादीच्या अंड्यातून निघालेलं एक पांढरं-कबरं पिल्लू. आठ वर्षं झाली होती.

घराच्या तळघरात एक खोली होती. तिथे कपाटाच्या खणांसारख्या सरकत्या डब्यांतून बावीस अजगर राहत. ही आफ्रिकेकडची लहान जात, दोन-अडीच हात लांब; घाबरली की डोकं मधोमध खुपसून चेंडू होऊन बसते.

"अगदी वेंडेल," त्याची बायको माव्हिस चर्चमधल्या बायकांना सांगे. "माझी बहीण आली की हाही असाच बसतो."

माव्हिसची अजगरांबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती खोलीबद्दल. गोधड्या शिवायचं एक भलंमोठं मशीन तिला मिळालं होतं, बारा फूट लांब, आणि ते दोन वर्षं तिच्या बहिणीच्या गोठ्यात झाकून पडलं होतं. बहीण दर रविवारी फोन करून विचारी, "गायीचं दूध काढण्यापुरती तरी जागा होईल का गं?"

शेवटी माव्हिसने हात पुसत सांगितलं, "वेंडेल, हे शेवटचं वर्ष. या खेपेला एक तरी पांढरा-कबरा निघाला तर खोली जन्मभर तुझी, मी चकार शब्द काढणार नाही. नाही निघाला, तर खोली माझी. तुझे डबे कुठे न्यायचे ते तू बघ."

"कबूल," वेंडेल लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की माव्हिसने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. त्याची डचेस नावाची मादी दिसायला साधी तपकिरी, पण तिचा बाप कबरा होता. म्हणजे तो गुण तिच्या पोटात लपलेला होता. तसाच गुण नराकडूनही मिळाला, तरच पिल्लाच्या अंगावर पांढरं उमटतं. आणि यंदा नर होता दोन गल्ल्यांपलीकडच्या डेलबर्ट स्टंपचा सिनेटर. तो तर अंगानेच कबरा, दूध सांडल्यासारखा. निम्मी पिल्लं कबरी निघणार, हे शाळेतलं पोरही सांगू शकलं असतं.

उसन्या नराची रीत ठरलेली असते. पिल्लं निघाली की पहिलं मादीवाल्याने निवडायचं, दुसरं नरवाल्याने, मग आळीपाळीने. दोघांनी हे एका कागदी ताटलीच्या पाठीवर लिहून खाली सह्या केल्या. ताटलीवर माव्हिसच्या केकचा डाग पडला, तो डेलबर्टच्या मते शिक्का.

सिनेटर हिवाळाभर वेंडेलकडे राहिला. मेमध्ये डचेसने सात अंडी घातली. वेंडेलने प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण केली, म्हणजे उबवणीच्या पेटीत ठेवताना वरची बाजू वरच राहील, आणि वाट पाहायला बसला.

जुलैत पहिल्या अंड्याला चीर पडली, तेव्हा डेलबर्ट आपला डबा घेऊनच आला. डब्याला भोकं पाडलेली, झाकणावर चिठ्ठी: 'स्टंप – निवड क्र. २'.

"कात्री आण," तो म्हणाला. "बाकीची कापून बघू."

"मी अंडी कापत नाही."

"अरे, मी सगळी कापतो!"

"तू वाढदिवसाच्या भेटीसुद्धा आदल्या दिवशी फोडतोस, डेलबर्ट."

दोन दिवसांत सहा पिल्लं बाहेर आली. वेंडेलने एकेकाला ओल्या कागदावर ठेवलं आणि त्याचा चेहरा पडत गेला. एकाच्याही अंगावर पांढऱ्याचा ठिपका नव्हता. पण त्याहून वाईट म्हणजे, चार पिल्लं चांगली झळझळीत पिवळी होती.

डेलबर्टने टोपी काढली. "माझ्या सिनेटरच्या अख्ख्या खानदानात पिवळं नाही."

"नाही," वेंडेल म्हणाला.

"डचेसच्याही नाही."

"नाही."

दोघांनी एकदमच खालच्या खणाकडे पाहिलं. तिथे मस्टर्ड होता. वेंडेलचा जुना पिवळा नर, शांतपणे वेटोळं घालून.

सिनेटर येण्याच्या आदल्या हिवाळ्यात वेंडेलने डचेसला मस्टर्डबरोबर ठेवलं होतं. त्या वर्षी तिने अंडी घातली नाहीत, तेव्हा तो ते विसरून गेला. या जातीची मादी नराचं बीज वर्षभरसुद्धा जपून ठेवू शकते. हे वेंडेलला ठाऊक नव्हतं असं नाही. सर्पमंडळाच्या सभेत नव्या लोकांना दर वर्षी हेच तो पाऊण तास समजावून सांगत असे, फळ्यावर चित्र काढून.

"म्हणजे माझा सिनेटर चार महिने तुझ्याकडे करत काय होता?" डेलबर्ट कडाडला.

"जेवला नाही. कामही केलं नाही. नाव शोभलं त्याला."

डेलबर्टने चिठ्ठी फाडली. मग त्याला मस्टर्डच्या डब्यावरची जुनी चिठ्ठी दिसली आणि तो खो खो हसत सुटला. मस्टर्डला वेंडेलने प्रदर्शनातून आणलं, तेव्हा विकणाऱ्याने लिहून दिलं होतं: 'पोटात बहुधा कबरा'.

"बहुधा! अरे गड्या, त्या माणसाने बहुधा तुझं तोंड बघून लिहिलं ते! हे सातवं अंडं टाकून दे आता. वरून खोलगट पडलंय बघ. मेलेलं आहे."

"राहू दे," वेंडेल म्हणाला, पण त्याच्या आवाजात जीव नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर गवत कापत होता. कापलेलंच गवत परत कापत होता. माव्हिसने खिडकीतून दोनदा पाहिलं, मग मोजपट्टी घेतली आणि तळघरात उतरली. पूर्वेची भिंत चौदा फूट भरली. मशीन आरामात बसणार होतं. आकडा लिहिताना तिची नजर पेटीच्या काचेकडे गेली.

सातव्या अंड्याला चीर होती आणि चिरेतून एक नाक बाहेर आलं होतं. नाकामागे मान पिवळी. मानेमागे, अंड्याच्या आत, शुभ्र पांढरं.

माव्हिस क्षणभर मोजपट्टी हातात धरून उभी राहिली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "वेंडेल! ते गवताचं मशीन बंद कर आणि ये! तुझं सातवं जागं झालंय!"

वेंडेल बुटांना चिकटलेल्या गवतासकट खाली आला. पेटीसमोर गुडघ्यांवर बसला.  मग त्याने मस्टर्डच्या डब्यावरच्या चिठ्ठीतला 'बहुधा' पेन्सिलीने खोडला.

बातमी ऐकून डेलबर्ट अर्ध्या तासात हजर. हातात तोच डबा, नवी चिठ्ठी.

"पांढरं आहे ना? मग हे माझ्या सिनेटरचं! बाकीची सहा घे तुझ्या मस्टर्डची. हे एक आमचं. तू पहिलं निवडायचंस, पण निवडायला एकच आहे, म्हणजे अर्धं अर्धं..."

"डेलबर्ट," माव्हिस म्हणाली, "याची मान कुठल्या रंगाची आहे?"

डेलबर्टने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पिवळी," तो पुटपुटला.

"तुझ्या सिनेटरच्या अख्ख्या खानदानात काय नाही म्हणालास परवा?"

डेलबर्टने डबा काखेत मारला. "केक आहे का काही?" त्याने विचारलं. केक होता.

तो गेल्यावर वेंडेल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. माव्हिसने मोजपट्टी समोर ठेवली.

"शब्द म्हणजे शब्द. खोली तुझी."

"माव्हिस, तू खोली मोजत होतीस तेव्हा..."

"चकार शब्द काढणार नाही म्हणाले होते, काढत नाही. फक्त एक विचारते. गॅरेजची लांबी किती?"

एकतीस वर्षं मोठी गाडी अचूक लावलेल्या माणसाला हे मोजावं लागत नाही.

"बावीस फूट," वेंडेल म्हणाला आणि बोलता बोलताच त्याला कळलं.

जानेवारीत, बर्फ पडून रस्ता पांढरा झाला त्या सकाळी, वेंडेल घरासमोर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. नाक लाल, बोटं बधिर. गॅरेजमधून मशीनचा खडखडाट येत होता. माव्हिस पिवळ्यावर पांढरी ठिगळं लावलेली एक गोधडी शिवत होती आणि ती कोणासाठी आहे ते सांगायला तयार नव्हती.

डेलबर्टने जाता जाता काच खाली केली. "काय रे, गॅरेज असून गाडी बाहेर?"

"गाडी काय," वेंडेल म्हणाला, "ती एवढ्या थंडीतही बहुधा चालू होईल."