माझ्या हवाली केलेला हिरडा

ये कविता, जरा जवळ सरक, कान धरायचाय तुझा. वनरक्षकाच्या ट्रेनिंगला गेलीस, वर्दीतला फोटो सगळ्या भावकीला पाठवलास, आणि परवा फोनवर मलाच विचारतेस, "आजी, ते खाली बघत चालणारे मास्तर कोण गं?" अगं, त्यांच्या खांद्यावर बसून तू डोंगर उतरली आहेस. विसरायचं माणूस होतं का ते? फोनवर मला नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

रानात शिरलं की माणूस वर बघतो. मास्तर मान खाली घालून चालायचे. वनखात्यातून रिटायर झाल्यावर ते नव्या वनरक्षकांना, वनपालांना शिकवायचे आणि दर भाद्रपदात एक बॅच घेऊन आपल्या भंडारदऱ्याच्या डोंगरावर यायचे. एकदा कुणीतरी मागून विचारलं, "सर, मोबाईल पडला का?" मास्तर म्हणाले, "मोबाईलला रिंग देता येते रे. रोपाला कशी देऊ? मोठी झाडं आज ना उद्या जाणारच. त्यांच्या मागं कोण आहे ते बघा. खाली रोप नसेल तर हे जंगल नाही, म्हाताऱ्यांची बैठक आहे."

पहिल्या दिवशी कुणाच्या हाती मोजायचा फिता द्यायचे नाहीत. आधी आम्हा बायांबरोबर सरपणाची मोळी आणायची, मग झाडं मोजायची. मोळी अर्ध्या वाटेत सुटली की मी म्हणायची, "साहेब, लाकडं गोळा करा, न्हाईतर तुमचीच भाकरी कच्ची ऱ्हाईल." मास्तर सगळ्यात मोठ्यानं हसायचे. मूळचे पारनेरकडचे. "मी उन्हातला माणूस, आक्का," म्हणायचे, "सावलीचं मोल मला विचारा."

स्वतःची चूक मात्र हसून सांगायचे नाहीत. नोकरीत असताना त्यांनी छातीच्या उंचीवर फिता लावून आपल्या हिरड्यांचे घेर मोजले होते आणि कागदावर 'उत्तम जंगल' लिहून गेले होते. खाली रोप एक नव्हतं, ते बघितलंच नाही. "जाड बुंधे बघून भुललो," असं ते प्रत्येक बॅचला सांगायचे. नोकरी संपल्यावरही इथं येत राहिले ते त्या एका ओळीपायी.

रोप नव्हतं ते आमच्यामुळं. आपण उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झोडतो, वाळवून विकतो. सगळाच कोवळा काढला तर पिकून खाली पडणार काय, आणि रुजणार काय? मास्तरांनी बंदी घातली नाही. देवळापुढं बसून म्हणाले, "एक झाड तीन वर्षं झोडू नका. खाली काय उगवतं ते आपण सगळे मिळून बघू. उगवलं तर मी पुढच्या सगळ्या बॅचला हेच शिकवीन." वाटेवरचा हिरडा निवडला. बॅचचा स्वयंपाक माझ्याकडं असायचा, म्हणून मला म्हणाले, "आक्का, झाड तुमच्या हवाली."

आता लिहितेच. पहिल्याच उन्हाळ्यात मी ते झोडलं. घर शाकारायचं होतं, आणि म्हटलं, मी नाही तर दुसरी कुणी झोडणारच. दुसऱ्या वर्षी तसलं काही कारण नव्हतं, तरी झोडलं. तिसऱ्या वर्षी तर हाताला सवयच झाली होती. मी पहाटे जायची, पाला गोळा करून लांब टाकायची.

तिसऱ्या भाद्रपदात मास्तर काठी टेकत आले. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी चढू नका सांगितलेलं. त्या झाडाखाली गुडघ्यावर बसले आणि हातानं गवत बाजूला करत बुंध्याभोवती फिरले. रोप एकही सापडलं नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आक्का, कुणी झोडलं तर नाही ना?"

मी म्हणाले, "न्हाई, मास्तर."

त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित मी खरं बोलले असते, पण माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा होता. बॅचकडं वळून म्हणाले, "लिहून घ्या. झाड न झोडता सोडून उपयोग होत नाही. माझा अंदाज चुकला." त्या पोरापोरींनी वहीत लिहून घेतलं. मी भाकरीचं टोपलं उचलून पुढं निघाले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. माघात निरोप आला, मास्तर गेले. दहाव्याला मी पारनेरला गेले होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी म्हणायचे, आक्काच्या रानाला मला उत्तर सापडलं नाही." उत्तर माझ्या तोंडात होतं, कविता. मी तिथं चहा प्यायले आणि एसटी धरून परत आले.

आता ती वहीवाली पोरं साहेब झाली असतील, शिकवत असतील. कोण जाणे, तुलाही उद्या वर्गात कुणी सांगेल की झाड सोडून उपयोग होत नाही. तेव्हा मान डोलावू नकोस. उभी राहा आणि सांग, ते झाड कधी सोडलंच नव्हतं, माझ्या आजीनं झोडलं. माझं नाव घे, लाजू नकोस. आणि तुझ्या शिकवणाऱ्या साहेबांना घेऊन लवकर ये. माझे गुडघे आहेत तोवर त्या झाडापाशी चढून मी स्वतः त्यांना सांगेन. दिवाळीची वाट बघू नकोस.